किडनी वन्संची, पाणी माझं

वन्संची किडनी जुळली आणि माझी जुळली नाही, हे कळलं त्या दिवशी घरी येऊन मी भांडी आपटली. आमचे हे शिंपी, सगळे मास्तर म्हणतात. यांच्या किडन्या बंद पडल्यापासून डायलिसिसला मी नेते, पाणी मी वाटीने मोजून देते, मिठाची बरणी मी लपवते. आणि किडनी द्यायची वेळ आली तेव्हा मोठ्या नणंदबाई तोऱ्यात पुढे. एकाच आईची लेकरं आम्ही, म्हणाल्या. म्हणजे मी कोण, वाटेवरची? अंगाचा नुसता तिळपापड झाला माझा.

डायलिसिसच्या आधी वजन करतात. अंगात पाणी साठलं की वजन वाढतं, आणि ठरलेल्या वजनावर येईपर्यंत मशीन ते पाणी काढतं. यांचं वजन नेहमी बेताचं. सिस्टर बाकीच्यांना सांगायच्या, मास्तरांकडून शिका जरा. मी शेजारी मान ताठ करून बसायची, कारण ते कौतुक माझ्या वाटीचं होतं.

मग ऑपरेशनच्या आधी हृदय तपासलं आणि डॉक्टरांनी ऑपरेशनच थांबवलं. किडनी गेली की पाण्याचा आणि ब्लडप्रेशरचा सगळा भार हृदयावर येतो, ते म्हणाले. मास्तरांच्या हृदयाची डावी भिंत त्या भाराने जाड झाली होती, कप्पा ताणला होता. असं हृदय ऑपरेशन सोसेल याची खात्री नाही, आणि असंच चाललं तर किडनीच्या आधी हृदयच दगा देईल. पण वजन तर चांगलं येतंय, मग हे पाणी कुठून, हे त्यांनाही कळेना.

वन्सं तिथेच माझ्याकडे वळल्या. "पाणी कोण देतं याला?"

चारचौघांत मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि खोटं कशाला बोलू, मनात एक कोपरा सुखावलासुद्धा. बसा आता किडनी कुरवाळत. मग यांच्या सुजलेल्या पावलांकडे लक्ष गेलं आणि मी खाली बसून चपलेचे पट्टे सैल केले.

दुसऱ्या दिवशी कपडे धुवायला बसले. यांची डायलिसिसला घालायची पँट पाण्यात भिजूनही हाताला जड लागेना. उलटी करून पाहिली तर खिसे कापलेले, अस्तर उसवलेलं, कमरपट्टीच्या आतला कडक कॅनव्हाससुद्धा काढलेला. शर्टाच्या कॉलरचीही तीच गत. शिंप्याच्या घरात नांदते मी, मला कोण फसवणार?

विचारल्यावर हे खाली मान घालून बोलले. ठरलेलं वजन काढलं होतं भर थंडीत, जाड कोट आणि जाकीट अंगात असताना. पुढे दुकानात गिऱ्हाइकासोबत चोरून पाणी प्यायचं आणि तेवढं कापड कमी करायचं, आधी कोट, मग जाकीट, मग खिसे-अस्तर. काट्याला कळायचं नाही, पाणी आतच राहायचं.

"तू पाणी मोजून देतेस, ताई किडनी देतेय," हे म्हणाले. "दोघींना काय तोंड दाखवू?"

ती पँट मी सिस्टरच्या टेबलावर नेऊन ठेवली. दवाखान्याच्या पातळ झग्यात नव्याने वजन ठरलं. मशीन जास्त पाणी ओढायला लागलं तसे यांच्या पोटऱ्यांत वांब यायचे. मी एक पाय चोळायची. वन्सं यायच्या आणि दुसरा धरायच्या. तिथेही वाटणी! कुणाच्या हातातल्या पायाला आधी आराम पडतो, यावर माझं बारीक लक्ष असायचं.

काही महिन्यांनी पुन्हा तपासणी झाली. भिंत अजून जाडच आहे, पण भार उतरलाय, कप्पा आवरलाय, आता करू या, डॉक्टर म्हणाले. वन्संची किडनी बसली आणि लगेच कामाला लागली.

आता भरपूर पाणी प्या, असं डॉक्टर सांगून गेले. वन्सं कमरेवर हात ठेवून हळूहळू चालत आल्या, स्वतः ग्लास भरला आणि भावाच्या हातात दिला. यांनी तो धरला, पण तोंडाला लावेनात. माझ्याकडे बघत राहिले.

"पिऊ का गं?"

वन्सं खुर्चीत बसल्या. "किडनी माझी," त्या हळूच म्हणाल्या, "आणि विचारतोय हिला." मग त्यांनी तोंड खिडकीकडे फिरवलं. त्यांच्या आवाजातली ती जळजळ मी लगेच ओळखली. एवढे दिवस माझ्याच पोटात होती.

"मला काय विचारता," मी म्हटलं. "वन्संना विचारा."