एकाचं अर्धं

बेलापूरच्या त्या सरकारी कार्यालयात साडेतीनचा चहा आला की जयमाला भोईर कप लगेच तोंडाला लावत नसे. आधी आजूबाजूच्या टेबलांवर नजर फिरवायची. ज्याचा चेहरा सगळ्यांत उतरलेला दिसेल त्याच्या संपत आलेल्या कपाशेजारी आपला कप नेऊन ठेवायची आणि त्यात चहा ओतायची. ओतताना खाली वाकून बघायची. दोन्ही कपांतला चहा एका रेषेत आला की थांबायची. थेंब जास्त नाही, थेंब कमी नाही. सहा वर्षं रोज.

तो दुसरा कप बऱ्याचदा गीतांजलीचा असे. ती शेजारच्याच टेबलावर बसायची. नेरूळच्या नव्या सोसायटीत राहणारी, दादरहून आलेली. तिला सुरुवातीला हे चमत्कारिक वाटलं होतं. उष्टा नव्हता, तरी दुसऱ्याच्या कपातला चहा. पुढे सवय झाली, आणि सवय झाली की माणूस विचारायचं विसरतो.

जयमाला खाडीकाठच्या गावातली. वडील गोटीराम भोईर यांचं मिठागर होतं. शहर आलं तेव्हा ते गेलं आणि त्याच्या बदल्यात, बऱ्याच खेपा घालून, प्रकल्पग्रस्ताचा एक दाखला मिळाला. त्या दाखल्यावर जयमालाला टायपिस्टची खुर्ची मिळाली. ती खुर्ची ज्या इमारतीत होती तिच्या खालीच कुठेतरी मिठागर होतं, असं ती म्हणायची. नक्की कुठे ते आता वडलांनाही सांगता येत नव्हतं. पुनवेच्या आसपास, खाडीला मोठी भरती असली की ती चपलेतून पाय काढून फरशीवर टेकवायची आणि म्हणायची, "खाली पानी आलंय." लोक हसायचे. गीतांजलीही हसायची. पण एकदा सगळे जेवायला गेल्यावर तिनेही हळूच पाय टेकवून बघितला होता. फरशी गार होती. एवढंच.

खेळ सुरू झाला तो पंचाण्णव साली. गीतांजलीचा भाऊ पार्थ जहाजावर होता. कुठल्याशा बंदरातल्या जुन्या पुस्तकांच्या दुकानातून त्याने एक जाडजूड पुस्तक आणि वीस बाजूंचा एक निळा फासा आणला, आणि पुढच्याच महिन्यात दोन्ही वस्तू बहिणीच्या गळ्यात टाकून पुन्हा बोटीवर गेला. पुस्तकात एका खेळाचे नियम होते. पट नाही, सोंगट्या नाहीत. चार जणांनी टेबलाभोवती बसायचं; एकाने सूत्रधार होऊन जंगल, किल्ले, राक्षस असं सगळं बोलून उभं करायचं; बाकीच्यांनी एकेक पात्र घेऊन त्यात शिरायचं. कुणी योद्धा, कुणी चोर, कुणी वैद्यीण. प्रत्येकाच्या कागदावर जीव किती ते आकड्यात लिहिलेलं. वार बसला की आकडा कमी. शून्य झाला की पात्र पडलं.

गीतांजलीने दोन महिने शब्दकोश घेऊन ते पुस्तक वाचलं आणि सूत्रधार झाली. कार्यालयातला मिथुन योद्धा झाला. तो जयमालाच्याच गावचा, तिच्याहून नऊ वर्षांनी लहान, तिला 'बाय' म्हणणारा. त्याची कॉलेजात जाणारी बहीण उन्नती चोर झाली. वैद्यीण व्हायला कुणीच तयार नव्हतं. पुस्तकातली वैद्यीण देवळातली होती. सगळ्यांत शेवटी तिची पाळी यायची, जखमेवर हात ठेवायचा, देवाकडून जीव मागून घ्यायचा आणि समोरच्याला द्यायचा. मिथुनने तिचं नाव ठेवलं मलमपट्टीवाली. अर्थातच ते पात्र जयमालाकडे आलं.

दर रविवारी दुपारी दोन ते सहा, गीतांजलीच्या घरी. तीन महिने जयमाला मुकाट्याने मलमपट्टी करत राहिली. मिथुन बेधडक राक्षसांवर चालून जायचा, कारण मागे बाय होती. मग एका रविवारी तिने पेन खाली ठेवलं.

"ही देवाकडून आनते नि वाटते," ती म्हणाली. "तिचं सोताचं काय जातं? ज्याचं काय जात नाय त्याची कोनाला किंमत नाय."

"मग काय करायचं?" गीतांजलीने विचारलं.

"मी नवीन लिहून आनते."

पुढच्या रविवारी तिने वैद्यिणीचा पेशा नव्याने लिहून आणला. कार्यालयाच्या पाठकोऱ्या कागदावर टाइप केलेला, समास सोडून, परिच्छेदांना क्रमांक देऊन, एखाद्या परिपत्रकासारखा. तिची वैद्यीण देवळातली नव्हती, मिठागरातली होती. मिठागरात वाफ्याशेजारी वाफा असतो, मध्ये मातीचा बांध. एका वाफ्यात पाणी कमी पडलं तर बांधाला तोंड पाडायचं. भरल्या वाफ्यातलं पाणी आपसूक रित्यात जातं आणि दोन्हींकडची पातळी सारखी झाली की आपसूक थांबतं. तसंच इथे. वैद्यिणीकडे सोळा जीव आणि योद्ध्याकडे दोन, तर तोंड पाडल्यावर दोघांकडे नऊ-नऊ. देवाचा संबंध नाही. आणि तिची पाळी शेवटी नाही. कुणी पडत असेल तिथे, मधेच, कुणालाही न विचारता.

गीतांजलीला तो कागद वाचून काय वाटलं ते तिला पुष्कळ दिवस सांगता आलं नाही. चहाचे दोन कप तिच्या डोळ्यांसमोर आले, एवढं खरं. तिने नियम मान्य केला.

खेळ एकदम बदलला. मिथुन आता जपून वार करायला लागला, कारण त्याची प्रत्येक जखम बायच्या कागदावर दिसायची. उन्नती तर एकदा राक्षसाला सोडून परत फिरली. "उगाच बायचं पानी आटेल," म्हणाली. जयमाला हसली. तिच्या हसण्याला आवाज नसायचा, फक्त खांदे हलायचे. एकतीस वर्षांची होती. घरी वडील, भाऊ, वहिनी, दोन भाच्या. तिच्या लग्नाचा विषय घरात कधी काढला गेला आणि कधी बंद झाला, हे तिलाही आठवत नव्हतं.

खेळात गीतांजलीने स्वतःचा एक नियम घातला होता. पुस्तकात तो नव्हता. टेबलाशी बसल्यावर जो जे करील ते त्याच्या पात्राने केलं असं समजायचं. कुणी रडलं तर पात्र रडलं. मध्येच कुणी उठून गॅसवर दूध आहे म्हणालं की सगळं जंगल विरघळतं, म्हणून हा नियम. खरोखरच बाहेर यायचं असेल तर तळहात उघडून टेबलावर पालथा ठेवायचा. मग सगळे थांबतील. तो हात ठेवायला सगळ्यांना जिवावर यायचं, कारण ठेवला की बाकीचे सुस्कारा टाकायचे.

शहाण्णवच्या ऑक्टोबरात खाडीकाठच्या गावांत तापाची साथ आली. जिकडेतिकडे इमारतींचे पाये खणलेले, त्यात पाणी साचलेलं. आधी गोटीरामकाका तापले, मग वहिनी, मग धाकटी भाची. जयमाला एकेकाला रक्त तपासायला घेऊन जात होती. मिथुनची आई पडली तेव्हा तिच्याकडेही डबा हिनेच पोचवला. तिची सगळी रजा त्यात संपली. रविवार मात्र तिने चुकवला नाही.

त्या रविवारी गीतांजलीने त्यांना एका बर्फाच्या खिंडीत नेलं होतं. चौघांपैकी कुणीही बर्फ पाहिलेला नव्हता. फार तर कोळणीच्या टोपलीतला. म्हणून तिने आठवडाभर तयारी केली होती. पंखा बंद, पडदे ओढलेले, आवाज खाली आणलेला. वारा कसा कापतो ते ती सांगत होती. लांडगे आले. मिथुन दोनदा पडता पडता वाचला, दोन्ही वेळा जयमालाने बांधाला तोंड पाडलं. मग एक लांडगा तिच्याच पात्राला चावला.

आणि ती थरथरायला लागली.

आधी खांदे, मग हनुवटी. दातांवर दात वाजले. तिने पदर घट्ट ओढून घेतला. मिथुन बघतच राहिला. "काय ॲक्टिंग करतेय बाय," तो पुटपुटला, आणि उन्नतीने टाळ्या वाजवल्या, अगदी हळू, खेळ मोडू नये म्हणून. गीतांजलीला आनंद झाला. तो आनंद तिला नंतर फार महागात पडला. तिला वाटलं, मी बर्फ उभा केला. माझ्या शब्दांनी हिला थंडी वाजली.

पुढच्याच वारात मिथुनचा योद्धा पडला. शून्य. जयमालाच्या कागदावर उरला होता एक.

सगळे तिच्याकडे बघायला लागले. तिने फासा मुठीत धरला होता.

"एकाचं अर्धं किती धरायचं, गीता?"

गीतांजलीने पुस्तक चाळलं. अपूर्णांक सोडून द्यावा, असं एका ठिकाणी होतं. म्हणजे त्याला शून्य आणि हिलाही शून्य, दोघेही गेले. हे तिला पटेना. मिथुनने कुरकुर केली, की एक मला दे, मी मारतो लांडग्याला, मग बघू तुझं. सहा वाजत आले होते. "पुढच्या रविवारी ठरवू," गीतांजली म्हणाली आणि जयमालाच्या हातातून फासा घेतला. फासा गरम होता. मुठीत धरल्याने तापला असेल.

मंगळवारी जयमाला कामावर आली नाही. बुधवारी मिथुन आला तो उभ्या उभ्याच सांगून गेला की बायला दवाखान्यात ठेवलंय, ताप डोक्यात गेलाय, माणसं ओळखत नाही. शुक्रवारी पहाटे ती गेली.

साडेतीनचा चहा येत राहिला. गीतांजलीच्या कपात तो आता होता तेवढाच राहायचा. काही दिवस तिने कप रिकामा होऊ दिला नाही. तळाशी बोटभर ठेवून वाट बघायची. कशाची, ते तिला माहीत होतं आणि ती ते स्वतःशी बोलत नव्हती. पुनवेला तिने फरशीवर पाय टेकवला. आणि या खेपेला तिला वाटलं, खाली काहीतरी हलतंय.

पण तिला झोपू देत नव्हतं ते वेगळंच. तो हात. तिच्याकडून फासा घेतला तेव्हा जयमालाचा डावा हात टेबलावर होता. हे तिला स्पष्ट दिसायचं: हिरव्या बांगड्या, टायपिंगने चपटी झालेली बोटं, टेबलक्लॉथवरचा हळदीचा डाग. पण तो हात मिटलेला होता की उघडा? कधी दिसायचा मूठ आवळलेला. कधी दिसायचा पालथा, पसरलेला, पाचही बोटं मोकळी. तिने मिथुनला विचारलं. तो म्हणाला, मी फाशाकडे बघत होतो. उन्नती म्हणाली, मी मिथुनकडे. तिघंही टेबलाशी होती आणि त्या हाताकडे कुणीच बघितलं नव्हतं.

फासा तिने कपाटात ठेवला. अधूनमधून काढून बघायची. कधी गार असायचा. कधी नसायचा. कपाट भिंतीला लागून होतं आणि भिंतीवर पश्चिमेचं ऊन यायचं, ही समजूत तिने स्वतःला पुष्कळदा घातली.

डिसेंबरात मिथुन म्हणाला, खेळ तसाच टाकलाय, बरं नाय वाटत. माझा योद्धा तिथं बर्फात पडलाय आणि बाय त्याच्या बाजूला एकटी बसलीय. गीतांजलीला ते चित्र दोन महिने रोज दिसत होतं. दुसऱ्यालाही दिसतं हे ऐकून तिला बरं वाटलं आणि भीतीही वाटली.

रविवारी तिघं बसली. चौथी खुर्ची कुणी हलवली नाही. समोर जयमालाचा टाइप केलेला कागद. गीतांजलीने तो पुन्हा पहिल्यापासून वाचला, आणि इतके महिने समोर असलेली गोष्ट तिला आता दिसली. वैद्यीण बांधाला तोंड कधी पाडू शकते, कुणासाठी, किती वेळा, सगळं क्रमांकवार होतं. तिच्याकडे येणाऱ्या पाण्याचं एक वाक्यही नव्हतं. खऱ्या मिठागरात बांधाला दोन्हीकडून तोंड पाडता येतं. हे तिला माहीत नसेल असं कसं होईल? लिहायचं राहिलं असेल. किंवा ते दुसऱ्या कुणीतरी लिहायचं असतं, म्हणून तिने समास सोडला असेल.

गीतांजलीने पेन घेतलं आणि त्या समासात लिहिलं: बांधाला तोंड कोणीही पाडू शकतो. प्रत्येक पाळीच्या आधी, वार करण्यापूर्वी, वैद्यिणीला तिच्याकडे किती आहे ते विचारावं. न विचारता केलेला वार धरला जाणार नाही.

"आणि एकाचं अर्धं?" उन्नतीने विचारलं.

"तिथवर येऊच द्यायचं नाही," गीतांजली म्हणाली. "मागच्या पाळीपासून परत धरू. लांडगा तिला चावायच्या आधीपासून."

मिथुनने त्याचा कागद पुढे ओढला. त्या पाळीला त्याच्याकडे सात होते. तो रिकाम्या खुर्चीकडे वळला. मग घरात विचारावं तसं त्याने विचारलं, "बाय, किती हाय?"

तिघं थांबली. खरंच थांबली, उत्तराला लागतो तेवढा वेळ. खाली कुणीतरी स्कूटर सुरू करत होतं. मग गीतांजलीने जयमालाच्या कागदावर बघून सांगितलं, चार. मिथुनने खोडलं, लिहिलं. साडेपाच-साडेपाच. या खेपेला अर्ध्याची कुणाला अडचण आली नाही.

फासा टाकायची पाळी आली तेव्हा गीतांजलीने तो उचलून आधी मुठीत धरून बघितला. मग टाकला. किती पडले ते तिला नंतर आठवेना. तिला आठवत होता ऑक्टोबरातला तो रविवार, खेळ उठल्यानंतरचा. मिथुन आणि उन्नती जिना उतरून गेली होती. जयमाला दाराशी, भिंतीला हात टेकून, एकेक चप्पल पायात सरकवत होती, नेहमीपेक्षा सावकाश. गीतांजली पडदे सारून खोलीतला बर्फ घालवत होती. खिडकी उघडली तसा खाडीवरचा वारा आत आला. जयमालाने मागे वळून बघितलं.

"खिडकी लावून घे गं," ती म्हणाली. "डास येतील."