तैवानच्या पेरूवर नत्थुजीचा अर्ज

नत्थुजीइतका जळकुकडा माणूस अख्ख्या चांदूर बाजारात नाही, आणि त्याचा दोस्त असूनही हे मीच सांगतो. शेजाऱ्याच्या बोअरला पाणी लागलं तरी याच्या पोटात दुखतं. पण गावातले बागायतदार वामनरावांच्या बाबतीत त्याच्या जळण्याला कारण होतं. तैवान पेरूची पहिली दोन रोपं गावात आणली ती नत्थुजीनं. त्यांच्याच फांद्यांवर गुटी-कलमं बांधून त्यानं शेकडो रोपं केली आणि वामनरावांचं पाच एकर वावर त्याच रोपांनी भरलं. पेपरात फोटो मात्र वामनरावांचा, शाल-श्रीफळ वामनरावांना. नत्थुजी बाजारात पेरूची पाटी घेऊन बसायचा आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचा, "आयत्या बिळावर नागोबा!"

यंदा अकोल्याला चर्चासत्रासाठी तैवानचे दोन फळतज्ज्ञ आले होते. ते वामनरावांच्या वावरात येणार, फाटकावर तैवानचा झेंडाही लागला, हे कळताच नत्थुजी जेवणाचं ताट सारून माझ्याकडे आला.

"गुरुजी, त्या देशाले आपलं सरकार मानत नाई, असं तुमीच सांगतलं होतं ना?"

"मानत नाई म्हंजे रोटीव्यवहार आहे, बेटीव्यवहार नाई," मी म्हणालो. "त्यायचं दिल्लीत ऑफिस आहे, पन त्याले वकिलात म्हनत नाई. मशिनी तिकडून येतात, आपले पोट्टे तिकडे शिकाले जातात. फक्त देश म्हनून कागदावर नाव घ्याचं नाई."

"मंग झेंडा काहून लावला त्यानं? लिवा अर्ज. पाव्हने आलेच नाई पायजे."

मी सदतीस वर्षं नागरिकशास्त्र शिकवलं, पण परीक्षेबाहेर त्यातलं कुणी काही विचारलं नव्हतं. मी फुगलो. परराष्ट्र धोरण, राष्ट्रहित, सगळं घालून दोन पानी अर्ज लिहिला. खाली नत्थुजीनं सही ठोकली.

तहसीलमधून वर फोनाफोनी झाली आणि निरोप आला: झेंडा काढा, बॅनरवर 'देश' लिहू नका, मंचबिंच नको. पाहुण्यांना मात्र खुशाल येऊ द्या, पेरू खाऊ द्या. नत्थुजीचं तोंड एवढंसं झालं.

पाहुणे आले. आम्ही दोघंही गर्दीत उभे होतो. नत्थुजीला राहवलं नव्हतं आणि मला चैन पडत नव्हतं. पाहुण्यांपैकी पिकल्या केसांच्या बाईनं झेंड्याची रिकामी काठी पाहिली, वामनरावांनी हात जोडून माफी मागितली. बाई दुभाष्याकडून म्हणाल्या, "असं सगळीकडेच होतं. झाडं दाखवा."

मग त्या झाडाझाडाशी थांबल्या. फांद्या वाकवून पाहिल्या, पेरू कापून वास घेतला. इतकं चांगलं रोप आमच्याकडेही सहज मिळत नाही, म्हणाल्या. ही रोपं कुणी केली?

नत्थुजीनं टोपी सारखी केली आणि एक पाऊल पुढे टाकलं.

वामनरावांनी त्याच्याकडे सरळ पाहिलं. अर्जाची गोष्ट एव्हाना गावभर झाली होती.

"हाये गावातलाच एक जन," ते म्हणाले. दुभाष्यानं तेवढंच सांगितलं. बाईंनी मान हलवली आणि त्या पुढच्या झाडाकडे गेल्या.

नत्थुजीनं माझा दंड घट्ट धरला. "गुरुजी, सांगा ना त्यायले. माह्यं नाव सांगा."

अर्जावरचं अक्षर माझं होतं आणि वामनराव ते ओळखून होते. मी दंड सोडवून घेतला आणि गर्दीत मागे सरकलो.