जयानं खोडलेला शब्द

जया राठोड तोंडाची तिखट, हे घाटंजीजवळच्या तिच्या बंजारा तांड्यात पोरासोरांनाही ठाऊक. यवतमाळच्या एका कापूस कंपनीच्या ऑफिसात मात्र ती पाच महिने मूग गिळून बसली, आणि त्याचा तिला अजून स्वतःचाच राग येतो.

तिथला मॅनेजर तिच्या खुर्चीमागे येऊन उभा राहायचा. काम नसताना फोन करायचा. तिनं जेवायची जागा बदलली, तर हाही डबा घेऊन तिथं हजर. शेवटी तिनं तक्रार समितीच्या विमलताईंना गाठलं. तक्रार नागपूरच्या मोठ्या ऑफिसात इंग्रजीत जायची होती. विमलताईंनी ती टाइप करून जयापुढे सरकवली आणि सही कर म्हणाल्या.

जयानं वाचलं. साहेब ‘अनॉय’ करतात, असं लिहिलं होतं.

आता, स्पर्धा परीक्षेसाठी जयानं इंग्रजी शब्द वहीत उतरवून घोकले होते, तेही तांड्यातल्या उदाहरणांसकट. ताटावरची माशी करते ते अनॉय. धाकटा भाऊ बादल मोबाइलसाठी दिवसभर पिच्छा पुरवतो, ते पेस्टर. होळीला बाया काठ्या घेऊन पुरुषांना बडवतात आणि ते हसत पुन्हा पाठ पुढे करतात, ते टीझ. आणि माणूस आपली वाट बदलतो, बसायची जागा बदलतो, तरी सुटत नाही, ते हॅरॅस.

जयानं ‘अनॉय’ काढून हाच शब्द घालायला सांगितला, तशी विमलताईंनी तिला परोपरीनं समजावलं. नरम शब्द असला की साहेबांना समज देतील आणि मिटेल. तुझ्या शब्दानं चौकशी लागेल, चार लोकांत तुझंच नाव निघेल. शिवाय साहेब म्हणतात, मस्करी केली.

“मस्करीत दोघंही हसतात, ताई. मी कुठं हसून राह्यली?” जया म्हणाली. “माह्या आंधी या खुर्चीवर सत्यशीला होती. तिच्या अर्जात कोणता शब्द होता?”

“अनॉयच,” विमलताई म्हणाल्या. सत्यशीलाचा अर्जही त्यांनीच टाइप केला होता. दोन महिन्यांत ती नोकरी सोडून गेली आणि साहेब जागच्या जागी राहिले.

जयानं पेन काढलं, ‘अनॉय’ खोडलं, त्याच्यावर ठसठशीत अक्षरात ‘हॅरॅस’ लिहिलं आणि मगच सही केली.

विमलताईंनी हळूच सुचवलं, चौकशी होईस्तोवर सुट्टी घे.

“मी कायले घेऊ? त्याले द्या,” म्हणत जया उठली आणि आपल्या खुर्चीवर जाऊन बसली.