ऑपरेटरबाईंची बोलकी डबी

ऑपरेटरबाई पहिल्यांदा दुकानात शिरल्या तेव्हा फळीवरचे सगळे जुने रेडिओ ताठ उभे राहिले, त्यातल्या बंद पडलेल्या दोघांना तर धसक्याने आवाज फुटला, असं रेडिओवाला आजही शपथेवर सांगतो. त्याच्या बायकोच्या मते त्या दिवशी फक्त एक स्टूल आडवं झालं होतं. पण बायको तेव्हा आतल्या खोलीत होती, त्यामुळे तिची साक्ष तो धरत नाही.

बाईंनी पांढरी काठी काउंटरला टेकवली, काडेपेटीएवढा म्युझिक प्लेयर पुढे सरकवला आणि म्हणाल्या, "तुमच्या पंख्याचं बेअरिंग गेलंय. मागचं घड्याळ लंगडतंय. आणि मान हलवू नका, तोंडाने बोला."

रेडिओवाला खरोखरच मान हलवत होता. "तुम्हाला कसं कळलं?"

"खुर्ची कुरकुरते."

बाई जन्मांध. एका मोठ्या इस्पितळाच्या टेलिफोन बोर्डावर तेहेतीस वर्षं काढलेल्या. निम्म्या शहराला त्या आवाजावरून ओळखत, उरलेल्याला खोकल्यावरून. आता निवृत्त होऊन धाकट्या भावाकडे राहत होत्या आणि दिवसभर खुनाच्या कादंबऱ्या ऐकत होत्या.

"साठ वर्षांत मला एकही खुनी माझा मला सापडलेला नाही," बाई म्हणाल्या. "लहानपणी आई वाचून दाखवायची. तिला धीर कुठला! शेवटचं पान आधी बघायची आणि 'अगं बाई, हा मेला होय!' म्हणून मोकळी व्हायची. आता भाऊ आहे. या डबीत जे काही कळतं ते पडद्यावर, आणि बटणं सगळी गुळगुळीत. लावून द्यायला भाऊ लागतो. तो लावता लावता पुढचं ऐकून घेतो आणि जेवताना म्हणतो, 'ताई, त्या वकिलावर लक्ष ठेव हं.' आता एक्केचाळीस प्रकरणांची नवी कादंबरी आलीय. ती मला एकटीला ऐकायचीय, पहिल्यापासून शेवटपर्यंत. भावाला महिनाभर थोपवून धरते. जमेल?"

"जमेल," रेडिओवाला म्हणाला. काय जमवायचं आहे ते कळण्याआधी 'जमेल' म्हणायची त्याला जुनी खोड होती.

मग शोधाशोध सुरू झाली. जगभरच्या हौशी मंडळींनी असल्या डब्यांसाठी एक प्रोग्रॅम लिहून फुकट ठेवला होता. तो घातला की डबी बोलू लागे, फक्त तिला बोलायचे शब्द आवाजात भरून द्यावे लागत. रेडिओवाल्याचा स्वतःचा आवाज गंजलेल्या बिजागरीसारखा, म्हणून बाहेरचा गोंगाट येऊ नये अशा बेताने बायकोला गाद्यांच्या कपाटात बसवून तिच्या आवाजात तीनशे बारा वाक्यं भरून घेतली. 'मागे जा', 'आवाज कमी करा', 'बंद करा' ही वाक्यं तिने पहिल्याच झटक्यात म्हटली. त्यांचा बावीस वर्षांचा सराव होता.

शेवटी त्याने बटणांवर बायकोच्या नेलपॉलिशचे थेंब देऊन उंचवटे केले आणि बाईंना बोलावलं. "बघा बाई, किती सोपं! हिरवा ठिपका चालू, लाल ठिपका बंद."

बाईंनी अंगठा फिरवला. दोन्ही ठिपके सारखेच. त्या शांतपणे म्हणाल्या, "हिरवा कुठला?"

आतल्या खोलीतून बायकोचं हसू ऐकू आलं ते बराच वेळ थांबेना.

"तुमची चूक नाही," बाई म्हणाल्या. "तुम्हाला डोळ्यांचा अडथळा आहे. उद्या दिवसभर ते बांधून ठेवा."

दुसऱ्या दिवशी रेडिओवाल्याने डोळ्यांवर टॉवेल बांधून दुकान चालवलं. सकाळीच त्याने कपाटाला "या, बसा" म्हटलं. दुपारपर्यंत बोट दोनदा भाजून घेतलं. पण पंख्याचं बेअरिंग त्याला पहिल्यांदाच ऐकू आलं, आणि घड्याळाचं लंगडणंही. संध्याकाळी डबीची बॅटरी पार उतरली, पुन्हा भरली, आणि डबी मुकी झाली. बोलणं सुरू करायची सोय होती खरी, पण ती पडद्यावर वाचून शोधायची होती! रेडिओवाला टॉवेलासकट खुर्चीत बसून राहिला. ही बाई साठ वर्षं असल्या कुलपांशी झगडतेय, ज्यांच्या किल्ल्या आतच ठेवलेल्या असतात, आणि वर आपल्याला पंखा दुरुस्त करायला सांगतेय, हे त्याला त्या अंधारात दिसलं.

त्याने ठिपके खरवडून काढले. चालूला एक थेंब, बंदला दोन, मागे जायला तीन. आणि डबी कशीही सुरू झाली तरी आधी बोलेल अशी तजवीज केली.

महिना संपायला चार दिवस होते. बाईंनी डबी हातात घेतली. अंगठा एकदाच सगळ्या बटणांवरून फिरला आणि मग चुकला म्हणून नाही. "प्रकरण पहिलं," रेडिओवाल्याची बायको डबीतून म्हणाली. बाईंनी वेग वाढवला, आणखी वाढवला, तिप्पट केला. रेडिओवाल्याला पत्र्यावर गारा पडाव्यात तसा नुसता ताडताड आवाज ऐकू येत होता. बाई मात्र मध्येच हसल्या, मध्येच "हं, खोटं बोलतोय," म्हणाल्या. तो तोंड उघडं टाकून बघत राहिला. तोंडाने बोलायचं असतं, हेही विसरला.

"बाई, यातलं तुम्हाला कळतं?"

"तुम्ही लोक फार सावकाश बोलता हो," बाई म्हणाल्या आणि काठी टेकत निघून गेल्या.

पुढचे तीन दिवस त्यांनी खोलीचं दार आतून लावून घेतलं. भाऊ बाहेर येरझाऱ्या घालून थकला. त्याने एकदा दुकानात येऊन "काय करून ठेवलंत हे!" अशी तक्रारही केली. इकडे नवराबायकोला चैन पडेना. दर काठीच्या आवाजाला दोघं दाराशी धावत.

चौथ्या दिवशी बाई आल्या. रेडिओवाल्याने स्टूल पुसून पुढे केलं.

"ऐकलीत? शेवटपर्यंत? एकटीने?"

"ऐकली. माळ्याने खून केला होता. सातव्या प्रकरणातच कळलं मला. पुस्तक सुमार आहे."