लिंबं चाकाखाली

वडिलांची जुनी मोटारसायकल मी विकायला काढली, तेव्हा चेन्नईचा एक हॉटेलवाला टेम्पो घेऊनच कुंभकोणम्‌ला आला. हॉटेलच्या दारात शोभेला उभी करणार होता. मी दोन्ही चाकांखाली लिंबं ठेवली. आमच्याकडे घर सोडणारी गाडी लिंबं चिरडून निघते, तीही स्वतःच्या इंजिनावर.

"कशाला अम्मा, ढकलून चढवू," तो तमिळमध्ये म्हणाला. "नाहीतर घरातल्या पुरुषाला बोलवा."

"ही गाडी घरात मीच चालवते. तुम्ही चालू करा आणि न्या."

त्याने दहा-बारा किका मारल्या. शर्ट घामाने भिजला, पण गाडी खोकलीसुद्धा नाही. पेट्रोलचा कॉक बंद आहे, एवढंही त्याने पाहिलं नव्हतं. आणि म्हणे जुन्या गाड्यांचा शौकीन! मी कॉक उघडला, साडी वर खोचली, एका किकेत गाडी सुरू केली आणि लिंबं चिरडून थेट शेजारच्या तिरुनागेश्वरम्‌ गावापर्यंत जाऊन आले.

तो अजून टेम्पोपाशी ताटकळत होता.

"शोभेलाच हवा असेल तर दगडाचा घोडा घ्या," मी म्हणाले. "त्याला कुठे जायचं नसतं."