शंभरात सात

मानसशास्त्र विभागात तिला सगळे फॉर्मवाल्या बाई म्हणत. वय पन्नाशीच्या घरात, नवरा गेलेला, लेक सासरी. विभागाचा एकाकी म्हाताऱ्यांवर अभ्यास चालला होता आणि दर महिन्याला घरोघर जाऊन वीस प्रश्नांचा फॉर्म भरून आणणं हे तिचं काम. माणसं ऐंशी. चिठ्ठ्या टाकून त्यांचे दोन गट पाडलेले. चाळीस जणांची दर मंगळवारी विभागातल्या खोलीत बैठक भरे. गप्पा, पत्ते, चहा. उरलेल्यांना नुसताच फॉर्म. "उपयोग दिसला की पुढच्या वर्षी तुमची पाळी," असं त्यांना तिनेच सांगितलं होतं.

उपयोग होतोय याबद्दल तिला शंका नव्हती. एरवी दाराला कडी लावून बसणारी माणसं मंगळवारी अर्धा तास आधीच येऊन बसत.

वर्ष सरलं. आकडे तपासणाऱ्या सरांनी तिला बोलावून घेतलं.

"सात आले, बाई."

"म्हणजे?"

"बैठकीचा काहीच उपयोग नसता, तरी एवढा किंवा याहून मोठा फरक निव्वळ योगायोगाने शंभरात सात वेळा दिसला असता. पाचाच्या आत आले तरच आपण धरतो."

"दोनाने काय बिघडतंय, सर?"

"रेघ आधीच आखलेली असते."

"म्हणजे उपयोग नाही असं ठरलं?"

"तसंही नाही. आहे, असं आपल्याला दाखवता आलं नाही. नुसत्या फॉर्मवाल्यांचाही एकटेपणा कमी झालाय. का, ते आकड्यांत दिसत नाही."

विभागप्रमुख मॅडमनी यादीतल्या तीन नावांवर बोट ठेवलं. "हे बैठकीला धड आलेच नाहीत, असं लिहून द्या. यांना वगळलं की चार येतात. खोली वाचेल, तुमचं कामही."

हजेरीवही तिच्याचकडे होती. तिघांचा एकही मंगळवार चुकला नव्हता. फक्त त्यांचा एकटेपणा तसूभर हलला नव्हता. दोन दिवस तिने वही पिशवीतून काढलीच नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "ते आले होते, मॅडम. दर वेळी आले होते."

मॅडम रागावल्या नाहीत. सात ते सातच राहिले. महिन्याभरात खोलीला कुलूप लागलं आणि तिला काम संपल्याचं पत्र मिळालं.

पाळीची वाट बघणाऱ्या चाळीस जणांना सांगायचं काम तिने आपणहून अंगावर घेतलं. नवव्या घरी एक म्हातारे शिंपीकाका राहत. त्यांनी नेहमीसारखी खुर्ची पुसून पुढे केली.

"काका, बैठक काही होणार नाही."

"नसू दे. या गुडघ्यांनी मी कुठला येतोय? तुम्ही येताच ना महिन्याला."

"फॉर्मही बंद झालेत."

काका तिच्यासमोर येऊन बसले. मग म्हणाले, "आजचा तरी भरून टाका."

"आणलाच नाही हो."

"प्रश्न पाठ असतील की."

पाठ होते. तिने विसाच्या वीस विचारले. काकांनी प्रत्येकाचं उत्तर थांबून, विचार करून दिलं. लिहून घ्यायला काही नव्हतं. त्यांनी अजून थोडं बसायला सांगितलं, पण तिची एकतीस घरं राहिली होती.