चुलीवरचं शिसं

मासेमारीच्या जाळ्याला शिसं लावावं तर कावेरीनं, असं मिठबावच्या गाबीतवाडीत म्हणत. दोरीवर शिशाचा मणी चढवायचा, दातांत धरायचा आणि कचकन दाबायचा. पक्कड लागायचीच नाही. सासरे भिकाजी कौतुकानं म्हणायचे, "आमच्या सुनेचे दात म्हणजे अडकित्तो!" मणी ओतायचे ते रांधायच्या चुलीवरच. नारळी पुनवेच्या सकाळी ओतलेला पहिला मणी देवापुढे ठेवायचा, ही घरची रीत.

दोन हजार तीन साली कावेरीची चार वर्षांची लेक दिव्या सुकत चालली. पोट धरून बसायची, खेळायला नको म्हणायची. दृष्ट काढली, देवाला गाऱ्हाणं घातलं. मग एके दिवशी कावेरीनं पाहिलं, पोर कोपऱ्यात बसून आईसारखाच दातांत मणी दाबते आहे. देवानंच दाखवलं म्हणत तिनं पोरीला उचललं आणि कुडाळच्या डॉक्टरबाई गाठल्या.

रक्ताचा रिपोर्ट आला. "जड धातूचं विष," बाई म्हणाल्या. "शिसं आहे अंगात."

"जड म्हणून विष?"

"नाही गं. नाव जुनं आहे. रसायनवाल्यांनी धातूंची हलके आणि जड अशी वाटणी केली, ती नुसत्या वजनावरून. पुढे विषारी धातूंनाच ते नाव चिकटलं. किती जड म्हणजे जड, हे आजही कुणी नक्की सांगत नाही. तू नावाकडे बघू नकोस. शिसं पोटात गेलं की रक्तात, हाडांत घर करतं, एवढं ध्यानात ठेव. औषध देते, पण घरातलं शिसं बंद झालं तरच पोर सावरेल."

घरी आल्यावर भिकाजी उसळले. "जड ता विष? देवीच्या गळ्यातलां सोनां शिश्यापरस जड! ताय विष काय गो?"

"सोनां जड आसा, पण अंगात घर करना नाय, बाबा. दोष वजनाचो न्हय. शिसां आत जाता आणि रवता."

"आमच्या पिढ्ये दातांनी दाबत इले. कोण मेलो?"

"मेलो कोण नाय. पण तुमच्या पोटातली कळ खंयसून येता, सांगा!"

म्हातारा रीत सोडायला तयार होईना.

नारळी पुनव आली. शिसं वितळवायची कढई घेऊन भिकाजी चुलीपाशी आले, तर चूल शेणानं सारवलेली आणि वर नारळीभाताचं टोप चढलेलं.

"ह्या चुलीर आज देवाचो निवद शिजता," कावेरी म्हणाली. "त्याच चुलीर विष ओतूक हात उठत असात, तर टोप तुमीच उतरा."

भिकाजींनी टोपाकडे पाहिलं, मग भिंतीला टेकून बसलेल्या नातीकडे. कढई उचलली आणि ते किनाऱ्यावर गेले. तिथं वाऱ्याकडे पाठ करून तीन दगडांची वेगळी चूल मांडली. शेजारची हौसाबाई दारातून बघत होती. पुढच्या वर्षी तिचीही कढई तिथंच आली, आणि हळूहळू वाडीतल्या सगळ्यांच्या.

कावेरीनं पक्कड घेतली. पहिले काही दिवस दात शिवशिवायचे. ती देवाचं नाव घ्यायची आणि पक्कड दाबायची. दिव्याचा रंग परतला, भूक परतली, मग खोड्या परतल्या.

दोन हजार नऊ साली शाळेच्या शर्यती वाळूवर झाल्या. दिव्या अशी सुटली की दुसरी पोर मागं दिसेचना. शर्यतीची दोरी तोडून ती आजोबांच्या अंगावरच आदळली. भिकाजी अख्ख्या किनाऱ्याला ऐकू जाईल असे ओरडले, "बघल्यात रे? आमच्या सुनेन जिकल्यान!"